बाहेरचा कोण, मतदार कोण, बंदूक कुणाला? अमेरिकेतले तीन वाद आणि गोंदियातला एक तालुका

'अवैध स्थलांतरितांना बाहेर काढा.' 'नागरिकत्वाचा पुरावा दाखवल्याशिवाय मतदान नको.' 'आमच्या बंदुकीला हात लावू नका.'

अमेरिकेतल्या उजव्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारणाच्या या तीन घोषणा तुमच्याही फीडवर येऊन गेल्या असतील. या रील्सखाली मराठी कमेंट्सही दिसतात. 'आपल्याकडेही असंच पाहिजे' असं एक म्हणतो, तर दुसरा 'आपल्याकडे तर कुणीही येतं आणि मतदार होतं' असं लिहितो.

पण आपल्याकडचा कायदा नेमकं काय सांगतो? बाहेरून आलेला माणूस इथे मतदार होऊ शकतो का? आणि बंदूक बाळगणं हा भारतात हक्क आहे का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला वॉशिंग्टन किंवा दिल्ली गाठायची गरज नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरचा गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका पुरेसा आहे.

अर्जुनी मोरगावच का?

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा आठ तालुक्यांचा जिल्हा आहे. त्याच्या दक्षिणेला, गडचिरोलीला लागून असलेला अर्जुनी मोरगाव हा झाडीपट्टीतला धानाचा तालुका. नवेगावबांध आणि इटियाडोह धरण याच भागात आहेत.

याच तालुक्यात प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला आलेले लोक ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरही जातात. याच परिसरात नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी लोकांच्या कागदांवर आजही तिचं नाव 'भंडारा' असंच लागतं.

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर, याच तालुक्यात अरुणनगर लागतं. इथे आणि आसपासच्या काही गावांत बंगाली बोलणारी कुटुंबं राहतात. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या ज्या कुटुंबांना सरकारने विदर्भात जमीन देऊन वसवलं, त्यांची ही गावं.

म्हणजे एकाच तालुक्यात बाहेरून आलेले दोन समाज आहेत आणि दोघांनाही सरकारनेच वसवलंय. पण मतदार यादीसमोर दोघांची स्थिती पूर्ण वेगळी आहे. हा विधानसभा मतदारसंघ माओवादी प्रभावामुळे संवेदनशील मानला जात आला आहे. अनेक निवडणुकांत इथलं मतदान दुपारी ३ वाजताच संपवलं गेलं. त्यामुळे बंदुकीचा प्रश्नही इथे पुस्तकी राहत नाही.

आधी समजून घेऊ: उजवे नेमकं काय म्हणतात?

अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह मांडणीचा गाभा सरळ आहे. देश म्हणजे सीमा, सीमेच्या आत कोण राहणार हे नागरिकांनी ठरवायचं आणि मत फक्त नागरिकाचं. म्हणून राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, पदावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा आणणारा आदेश काढला. मार्च २०२५ मध्ये त्यांनी मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा मागणारा आदेश काढला. दोन्ही आदेशांना न्यायालयात आव्हान मिळालं.

बंदुकीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की स्वसंरक्षणाचा हक्क सरकार देत नाही, म्हणून सरकारने तो काढूनही घेऊ नये. त्याला तिथल्या राज्यघटनेच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीचा आधार आहे.

भारतातली उजवी मांडणी यातल्या पहिल्या दोन मुद्द्यांवर बरीचशी अशीच आहे. भाजप आणि शिवसेना गेली अनेक वर्षं 'घुसखोर शोधा, यादीतून काढा, परत पाठवा' अशी मागणी करत आले आहेत. त्यांचा युक्तिवाद असा: रेशन, घरकुल, नोकरी यांवर पहिला हक्क नागरिकाचा आहे, खोट्या कागदांवर कुणी मतदार झाला तर खऱ्या मतदाराच्या मताची किंमत कमी होते, आणि सीमाच सांभाळली नाही तर कायद्याला अर्थ उरत नाही.

तत्त्व म्हणून पाहिलं तर यातलं बरंचसं आपल्या कायद्यातच लिहिलेलं आहे. संविधानाच्या कलम ३२६ नुसार मतदानाचा हक्क १८ वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकाचा आहे. जो भारताचा नागरिक नाही त्याचं नाव यादीत येऊ शकत नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम १६ सांगतं. त्यामुळे नागरिक नसलेल्याला मत द्यावं का, हा आपल्याकडे वादच नाही. नागरिक कोण हे कसं ओळखायचं, वाद तिथे आहे.

नागरिक कोण? तीन तारखा लक्षात ठेवा

भारतात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती आपोआप नागरिक असते, असा अनेकांचा समज असतो. तो एकेकाळी खरा होता. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ३ आज असं सांगतं:

पहिला गट: २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म. आईवडील कुठल्याही देशाचे असोत, काही ठरलेले अपवाद सोडले तर ती व्यक्ती जन्माने भारतीय.

दुसरा गट: १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ दरम्यान जन्म. आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक हवा.

तिसरा गट: ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्म. आईवडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा अवैध स्थलांतरित नको.

म्हणजे अमेरिकेतले उजवे आज जी अट मागत आहेत, तशी अट भारताने ३५ वर्षांहून आधीच लावली. आसाम आंदोलनानंतर, काँग्रेसच्या काळात १९८६ मध्ये पहिली दुरुस्ती झाली. २००३ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात, ती आणखी कडक झाली.

हे कागदावर सोपं वाटतं. आता ते एका घराला लावून पाहू.

एकाच घरातले दोन भाऊ

समजा, नोर्ग्येलिंगसारख्या वसाहतीतलं एक काल्पनिक कुटुंब आहे. आईवडील दोघंही तिबेटमध्ये जन्मले आणि लहानपणी भारतात आले. त्यांना दोन मुलं. थोरला १९८६ मध्ये जन्मला, धाकटा १९८८ मध्ये. दोघांचा जन्म याच जिल्ह्यातला, शाळा एकच, शेतही एकच.

थोरला जन्माने भारतीय नागरिक आहे. तो अर्जुनी मोरगावचा मतदार होऊ शकतो.

धाकटा परदेशी आहे, कारण तो १ जुलै १९८७ नंतर जन्मला आणि तेव्हा आईवडिलांपैकी कुणीही नागरिक नव्हतं. त्याला परदेशी नागरिक म्हणून नोंदणी प्रमाणपत्र बाळगावं लागतं आणि मुदत संपली की त्याचं नूतनीकरण करावं लागतं. परदेशी जायचं तर भारतीय पासपोर्ट नाही. 'यलो बुक' म्हणून ओळखलं जाणारं ओळख प्रमाणपत्र लागतं.

ही गोष्ट पुढच्या पिढीतही सुरू राहते. थोरल्याने १९८५ मध्ये भारतात जन्मलेल्या तिबेटी मुलीशी लग्न केलं, तर त्यांचं २०१० मध्ये इथे जन्मलेलं बाळ भारतीय. धाकट्याची बायको १९८९ मध्ये इथेच जन्मलेली आणि तिचेही आईवडील तिबेटमधून आलेले असतील, तर त्यांचं बाळ परदेशी. दोन चुलत भावंडं, एक अंगण, आणि त्यातलं एकच १८ वर्षांचं झाल्यावर मत देऊ शकणार.

थोरल्याला तरी हा हक्क सहज मिळाला का? नाही. १९८७ पूर्वी जन्मलेल्या तिबेटी लोकांनाही कार्यालयं 'तुम्ही निर्वासित' असं म्हणून परत पाठवत होती. २२ डिसेंबर २०१० ला दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोल्कर यांच्या प्रकरणात त्या जन्माने भारतीय असल्याचा निर्णय दिला. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशीच भूमिका घेतली. त्यानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेटी लोकांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पासपोर्टबद्दलही त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण २०१७ मध्ये पासपोर्टसाठी निर्वासितांची कागदपत्रं परत करणं आणि वसाहत सोडणं अशा अटी पुढे आल्या. थोडक्यात, पासपोर्ट हवा तर घर सोडायचं.

अनेक तिबेटी लोक नागरिकत्व मागतच नाहीत, हेही खरं. निर्वासित म्हणून राहणं म्हणजे 'आम्ही परत जाणार' हा दावा जिवंत ठेवणं, असं ते मानतात. त्यांची स्वतःची निवडणूकही असते. धरमशाळेतल्या निर्वासित प्रशासनाचा प्रमुख, म्हणजे सिक्योंग, आणि तिथली संसद निवडण्यासाठी भारतभरातल्या वसाहतींमधून मतदान होतं.

मग सीएएमुळे काही बदललं का?

तिबेटी बहुसंख्येने बौद्ध आहेत आणि नागरिकत्व दुरुस्ती कायदा, म्हणजे सीएए, बौद्धांना सामावून घेतो. पण तो फक्त अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या अल्पसंख्याकांसाठी आहे. तिबेट त्यात नाही. त्यामुळे मार्च २०२४ मध्ये सीएएचे नियम लागू झाल्यावरही आपल्या उदाहरणातल्या धाकट्या भावासाठी काही बदललं नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा 'इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा' लागू झाला. १९३९ आणि १९४६ चे ब्रिटिशकालीन कायदे त्याने रद्द केले. वैध कागदांशिवाय भारतात आल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्या कायद्याप्रमाणेच संबंधित व्यक्तीवर आहे. नोंदणीकृत तिबेटी लोकांना सरकारच्या आदेशाने यातून सूट मिळाली आहे. पण सूट मिळाली म्हणून कुणी नागरिक होत नाही.

बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी?

आता अरुणनगरकडे येऊ. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना 'बांगलादेशी' म्हणणं तारखेच्या हिशोबानेही चूक आहे, कारण बांगलादेश हा देश स्वतंत्र झाला तोच डिसेंबर १९७१ मध्ये. सरकारने वसवलेल्या या कुटुंबांतली मुलं-नातवंडं इथेच जन्मली, शिकली. ती इथली मतदार आहेत.

त्यांचा वेगळाच प्रश्न आहे. विदर्भातल्या बंगाली वसाहतींमधले अनेक जण नमशूद्र समाजाचे आहेत. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत येतो, महाराष्ट्राच्या यादीत तो नाही. अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे नमशूद्र माणूस इथे मत देऊ शकतो, पण त्या जातीच्या आधारावर इथून विधानसभेला उभा राहू शकत नाही.

भाषेवरून माणूस ओळखायला गेलं की काय होतं, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. शिवसेना-भाजप युती सरकारच्या काळात, जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिस 'बांगलादेशी' म्हणून पकडलेल्या लोकांना रेल्वेने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. त्यातले अनेक जण भारतीयच आहेत, असं तिथल्या नेत्यांचं म्हणणं होतं. जून २०२५ मध्येही मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं समोर आल्यावर त्यांना परत आणावं लागलं.

याचा अर्थ अवैध स्थलांतर होतच नाही, असा नाही. ते होतं. खोटे कागदही बनतात. उशिरा दिलेल्या जन्म दाखल्यांबद्दल तक्रारी आल्यावर २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने मालेगावमध्ये विशेष तपास पथक नेमलं आणि दाखल्यांचे नियम कडक केले. फक्त तपासायची गोष्ट कागद असायला हवी. बोली किंवा चेहरा पाहून नागरिकत्व कळत नाही.

मतदार यादी स्वच्छ करायला कुणाचा विरोध आहे?

थेट विरोध कुणाचाच नाही. महाराष्ट्रात तर विरोधकांचीही तीच मागणी आहे. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत मनसे, शिवसेना (उद्धव ठाकरे) आणि इतर विरोधी पक्षांनी मतदार यादीतल्या घोळाविरोधात मोर्चा काढला होता.

वाद पद्धतीवर आहे. निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे एसआयआर, सुरू केलं. आधी ७.८९ कोटी मतदार होते. ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. आयोगाने दिलेली कारणं अशी: सुमारे २२ लाख मृत, सुमारे ३६ लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले आणि सुमारे ७ लाख दोन ठिकाणी नोंदलेले. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७.४२ कोटी नावं होती. दरम्यान, ओळख पटवण्यासाठी आधार कार्ड स्वीकारा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मात्र आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्र नव्हता.

एसआयआरमध्येही जन्मतारखेचे तेच तीन गट आहेत. ज्याच्याकडे जन्मदाखला आणि आईवडिलांचे कागद आहेत, त्याला अडचण नाही. घरीच बाळंतपण झालेल्या, नोंदच नसलेल्या माणसाचं काय? गोंदियासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न निर्वासितांइतकाच जंगलालगतच्या आदिवासी पाड्यांचाही आहे.

बंदूक: इथे आपले उजवे वेगळे का?

अमेरिकेतली तिसरी घोषणा भारतात जवळपास ऐकूच येत नाही. त्यामागे इतिहास आहे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांच्या शस्त्रांवर बंधनं आणली. त्याचा राग स्वातंत्र्य चळवळीत होता. १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांमध्ये मोजला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्क करावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही आणि सभेने ती फेटाळली.

म्हणून भारतात स्वसंरक्षण हा कायद्याने मान्य हक्क आहे, पण त्यासाठी बंदूक मिळणं हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षं आहे.

झाडीपट्टीत बंदूक म्हटलं की शेतीही आठवते. धानात रानडुकरं शिरली की रात्रीतून उभं पीक झोपतं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्याकडच्या भरमारचा, खास उल्लेख आहे. आणि तिथे शब्द आहे 'भारताचा नागरिक'. म्हणजे इथेही गाडी त्याच स्टेशनवर येते. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. रानडुक्कर मारायला वनविभागाची वेगळी परवानगी लागते.

निवडणूक लागली की बंदूक जमा करावी लागते का?

प्रत्येकाला सरसकट नाही. आयोगाच्या २००९ पासूनच्या सूचनांनुसार जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत, सहभागी असलेले अशा परवानाधारकांची प्रकरणं समिती तपासते आणि गरज असेल तिथे शस्त्र जमा करायला सांगते. निकालानंतर ते परत मिळतं. बँकांचे सुरक्षारक्षक आणि नेमबाज खेळाडूंना सवलत आहे.

मतदान भीतीशिवाय व्हावं म्हणून बंदूक काही दिवस बाजूला ठेवायची, हा यामागचा विचार. माओवादी हिंसा पाहिलेल्या आणि दुपारी ३ ला मतदान संपवणाऱ्या भागाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तुमच्या गावात संशय आला तर काय करायचं?

यादीतलं नाव चुकीचं वाटत असेल तर तो फोटो ग्रुपवर टाकू नका. त्या मतदारसंघाचे मतदार असाल तर नमुना ७ भरून हरकत घ्या. नाव काढण्याआधी संबंधित व्यक्तीला नोटीस देऊन तिचं म्हणणं ऐकावं लागतं. १९९५ मध्ये लाल बाबू हुसैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं: आधीपासून यादीत असलेल्याला फक्त संशयावरून वगळता येत नाही.

हरकत घेताना खोटं लिहिलं तर कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचंच नाव वगळलं गेलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. नाव नव्याने घालायला नमुना ६ आणि दुरुस्तीला नमुना ८ आहे.

सीमा सांभाळा, यादी स्वच्छ ठेवा, ही मागणी करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि ती चुकीचीही नाही. पण हिवाळ्यात स्वेटर विकायला बसलेल्या तिबेटी दुकानदाराकडे किंवा अरुणनगरला गाडीत चढलेल्या बंगाली बाईंकडे पाहून कुणाच्याही नागरिकत्वाचा निकाल लावता येत नाही. दोन सख्ख्या भावांपैकी भारतीय कोण, हे तर त्यांच्या आईलाही चेहरे पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी १ जुलै १९८७ ही तारीखच बघावी लागते.